हौसाक्काच्या सायकलचं पायडल

सोनीचा पाय चाकात गेला तवा मी मागं व्हते, थोडीच मागं, आन् उतार व्हता, आन् मला पयलं कळलंच न्हाई का वरडतंय कोण, वाटलं घार असंल, मंग फुडच्या सायकलच्या क्यारेजवर माझी पोर एका अंगाला वाकलेली दिसली. मी वरडले, आक्का थांबा, पोरीचा पाय, सायकल टाका, आडवी टाका. हौसाक्कानं मागं वळून बगितलं न्हाई. सायकल टाकली बी न्हाई. तिनं दोनी पाय पायडलवर रोवलं, कंबर सीटावरनं उचलली आन् सायकल हळू केली, जशी रोज काचेचा माल घिऊन करायची तशीच, हळू. माझी पोर चाकात अडकलेली आन् ही बाई मालाला धक्का लागू न देता थांबती.

मी माझी सायकल तशीच सोडून पळाले. मागं बांगड्यांची पेटी दगडावर पडल्याचा आवाज झाला, त्यो बी मला नंतर आठवला. सोनीची टाच चाकाच्या तारा आन् सायकलची दांडी ह्यांच्या मधी गेली व्हती. मी तिला धरायला हात घातला तर हौसाक्कानं माझ्या हातावर फाडकन मारलं.

"पोरीला हात लावू नको. पेटी धर. सरळ धर, हलवू नको."

आन् मी धरली. पोर माझी, वरडून वरडून तिचा आवाज बसत चाललेला, आन् मी तिच्या बाजूला बांगड्यांची पेटी दोनी हातानं धरून उभी.

फुडचं सांगते. पण ही बाई कोण ते सांगितल्याबिगर तुमाला कळायचं न्हाई का मी पेटी का धरली.

हौसाक्का कासारीण. ऱ्हायला मंचरला, पण अवसरीपास्नं पार भीमाशंकरच्या वाटंवरच्या वाड्यांपतूर आन् तिकडं जुन्नरच्या फुडं घाटघरापतूर, लगीन असलं का चुडा भरायला हीच. पन्नाशी कवाच उलाटलेली. नऊवारी, काष्टा घट्ट, तोंडात मशेरी, अंगानं काटकुळी पण पिंढऱ्या पैलवानाच्या. नवरा कुटं हाये ते कुणी इचारत न्हवतं, कारण इचारलं का ती इचारणारीचाच नवरा काढायची. सायकल काळी, पुरुषांची, मधी नळी असलेली. एवढी म्हातारी बाई काष्टा मारून नळीवरनं पाय टाकून सायकलवर बसती म्हणून पारावरचं लोक हसायचं, पण ती लांब गेल्यावर.

त्या सायकलची एक खोड व्हती. आपल्या साध्या सायकलला पाय थांबवला तरी चाक पळतं, कटकट कटकट आवाज करीत. तिच्या सायकलला तसलं काय न्हाई. मागची दातेरी चकती तिनं चाकालाच वेल्डिंग मारून घेतलेली. चाक फिरलं का पायडल फिरणार, पायडल धरलं का चाक धरणार. चढ असू, उतार असू, पायाला सुट्टी न्हाई. लोक म्हणायचं आक्का हे काय खूळ, तर ती म्हणायची ब्रेक दाबला का माल उडतो, पायानं धरलं का मालाला कळत बी न्हाई. आन् खरंच व्हतं ते. पावसात घाटघरच्या अंगाला ब्रेकाचं रबर ओल्या रिमवर नुसतं सरकतं, पाय सरकत न्हाई. तिच्या पेटीत बांगडी फुटली असं कुणी ऐकलं न्हवतं. तिच्या हातनं बांगडी भरताना फुटली असं तर न्हाईच न्हाई. म्हणून तर लोक तिची बोलणी खाऊन तिलाच बोलवायचं. नवरीचा चुडा भरताना बांगडी तडकली तर बाया वाईट मानत्यात, आन् हौसाक्काच्या हातचा चुडा कवाच तडकत न्हाई, म्हणून लगनाची तारीख धरायच्या आधी तिला इचारायचं, आक्का, मोकळी हायेस का.

हात धरला का ती एकच बोलायची.

"हात सोड. आता ह्यो हात तुझा न्हाई."

आन् मंग अंगठ्याखालचं हाड असं दाबायची का डोळ्यातनं पाणी यावं. बांगडी मापाला लहानच घ्यायची, मनगटावर हलली न्हाई पायजे. एका नवरीनं हुंदका दिला तर म्हणली, रडून घे बाय, आज कुणी इचारणार न्हाई का रडती म्हणून. एका सावळ्या पोरीला म्हणली, हिरवा रंग तुला दिसत न्हाई, पण लगीन तर करायचंय ना. टीव्हीतल्या बायकांसारख्या कोपरापतूर बांगड्या मागितल्या का म्हणायची, त्या बायांना भांडी घासायची नसत्यात, तू आधी मोलकरीण आण मंग ये. बाया हसायच्या, जिला बोलली ती सोडून.

आता माझं. मी मंदा. सातवी झाले, आठवीत शाळा सुटली, लगीन झालं, सोनी झाली, नवऱ्यानं टाकली, अवसरीला दादाच्या घरी आले. एवढंच. दादा वाईट न्हाई, पण वयनीला आमी दोगी जड झालो व्हतो, तिला पण तिची पोरं हायेत. तिनंच चाकणकडचं एक ठिकाण आणलं. बायको वारलेला माणूस, कारखान्यात कामाला, सोताची दोन पोरं. त्याची अट एकच, बाईनं आपली पोर आणायची न्हाई. वयनी म्हणली, सोनीला आश्रमशाळंत घालू, तिथं खायला मिळतं, शिकंल. सोनी पाच वर्साची. रातीला माझा पदर मुठीत धरल्याबिगर झोपत न्हाई ती. मी दादाच्या पाया पडले. दादा म्हणला, तुझं तू कमवून खाल्लंस तर मी हाकलतोय का तुला, पण ही लगीनसराई सरंस्तवर काय जमतंय ते बग, न्हाईतर चाकणला हो म्हण.

त्याच आठवड्यात हौसाक्का वयनीला बांगड्या भरायला आली. मी पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला, माझा हात बगितला, आन् मंग वाकून माझी पिंढरीच दाबली, बाजारात बैल बगत्यात तशी, वयनीसमोर. म्हणली पिंढरी बरी हाये, माझं गुडगं गेलं, माल वाह्याला कुणीतरी लागतंय, सायकल येती का. मी म्हणलं न्हाई.

"मंग सातवीपतूर काय शिकलीस?"

तवापास्नं ती मला मंदा म्हणलीच न्हाई. ए सातवी, हितं ये. ए सातवी, पेटी उचल.

मंचरला सायकलीचं दुकान व्हतं, शेटचं. शेट मारवाडी जैन, पण त्याच्या आज्यापास्नं हितंच, बोलणं आपल्यासारखंच. त्यानं आमाला बगितल्या बगितल्या फुडून एक गुलाबी लेडीज सायकल काढली, फुडं जाळीची टोपली, सीट गुबगुबीत. मला तर बगूनच बरं वाटलं. सोनी म्हणली आई, ही घे.

हौसाक्का म्हणली, "ही सायकल न्हाई शेट, पाळणा हाये. हिच्यात तुमच्या नातीला झोपवा."

शेट हसला. म्हणला आक्का, जमाना बदलला, गिअरची दाखवू का, घाटाला हलकी जाते. हौसाक्का म्हणली, गिअर बिघडला का घाटघरात कोण नीट करणार, तुमी येताय का. मंग ती दुकानाच्या मागं गेली, जुन्या सायकलींच्या ढिगात, आन् एक काळी वढून काढली. मला म्हणली बस. बसले तर पाय टेकना. शेटच्या मिस्त्रीला सीट खाली करायला लावलं. मंग मागची चकती हाये त्यापेक्षा मोठी घाल म्हणली, म्हंजी चढाला सोपी. मिस्त्री म्हणला आक्का, मोठी घातली आन् वर वेल्डिंग मारलं तर उताराला पाय गरागरा घुमतील, हिला झेपायचं न्हाई. ती म्हणली घुमू दे, चढाला थकली तर माल पोचत न्हाई, उताराला घाबरली तर माझं काय जात न्हाई. टायर रुंद घे. मडगार्ड दोनी ऱ्हावू दे, चिखल मालावर येतो. फुडचा ब्रेक ऱ्हावू दे, मागचा काढ, पाय हायेत. साखळी अंगठ्यानं दाबून बगायची, लोंबली न्हाई पायजे, असल्या सायकलला ढिली साखळी म्हंजी मरण. हे सगळं ती मिस्त्रीला सांगत व्हती पण बगत माझ्याकडं व्हती, मी ऐकतीय का न्हाई ते.

शेट म्हणला बाकी सगळं ठीक हाये, पण चालवणारी बाई हाये, लहान लेकरू संगं, मागच्या चाकाला जाळी लावून देतो. हौसाक्का म्हणली जाळी नको. जाळी लावली का पेटी चाकालगत बसत न्हाई, हलती. शेट म्हणला, पेटी महत्त्वाची का लेकरू? आन् ती म्हणली, पेटी न्हाई बसली तर लेकरू खाईल काय? मी मधी उभी. मला कुणी इचारलं न्हाई आन् मी बोलले बी न्हाई. दोनी बाजूला पेट्या लटकवल्या का चाक झाकलंच जातं, तिच्या सायकलला बी जाळी न्हवती, मंग मला वाटलं तिला कळत असंल.

शिकवलं तिनं कालव्याच्या वाटंवर. मला बसवलं, मागनं धरलं, उताराला नेऊन सोडून दिलं. पाय थांबवायला गेले तर पायडलनं पाय असा वर फेकला का मी बाभळीत. ती कडंला बसून मशेरी लावत व्हती, हसली. "सायकल तुझी चाकर न्हाई, थांब म्हणलं का थांबायला. तिच्या संगं फिर, मंग तीच ऐकंल." नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. मंग क्यारेजवर काचेच्या बांगड्यांच्या लडी बांधल्या, फुटक्या न्हाई, चांगल्या. फुटतील त्या काचा मला हातानं येचायला लावायची, सोनीसमोर, एक तुकडा राहिला तर परत. मी रोज रडायचे आन् रोज जायचे, कारण घरी गेल्यावर वयनी चाकणच्या घरातल्या फ्रिजची गोष्ट सांगायची. मंग एक दिवस एक बी फुटली न्हाई. हौसाक्का नुसती म्हणली, उद्या मंचर.

मंग आमी फिरायला लागलो. सकाळी अवसरीवरनं मंचर, तिथनं माल घिऊन गावं. लांबचं असलं का सायकली एसटीच्या टपावर टाकून जुन्नरपतूर जायचं, फुडं पायडल. वयनी सोनीला सांभाळत न्हवती, म्हणून सोनी माझ्या क्यारेजवर, दोन पेट्यांच्या मधी, पाय फडक्यानं बांधलेलं. तिला लई आवडायचं. बांगड्या वाजायच्या आन् ती गाणी म्हणायची.

एकदा भीमाशंकरच्या वाटंवर एका वाडीत एका बाईनं आमाला पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी बोलावलं. तिचा नवरा पावसाळ्यात गेलेला, हात भुंडं. माझ्यापेक्षा लहान असंल. ती म्हणली आक्का, दोनच घाला, साध्या, पदराआड कुणाला दिसायच्या न्हाईत. मला वाटलं हौसाक्का हिला बी काय तरी बोलणार. पण तिनं त्या बाईच्या मापापेक्षा लहान बांगडी काढली, हाताला साबण लावला आन् असा हात चिमटला का त्या बाईनं पदर तोंडात कोंबला. कातडं सोललं, रगात आलं. दोन घातल्या.

"आता ह्या निघायच्या न्हाईत. फोडाव्या लागतील. फोडायच्या तर तुझ्या सासूला तुझा हात हातात धरावा लागंल, आन् तोंडाकडं बगावं लागंल. धरू दे तिला."

वाटंला मी म्हणलं, आक्का, तुमी चांगलं केलं. तर माझ्यावरच खेकसली. म्हणली चांगलं बिंगलं काय न्हाई, गिऱ्हाईक हाये ती. आन् पायडल जोरात मारत फुडं गेली. अशी ती. काय चांगलं म्हणावं तर त्याच्यावर थुकायची.

आता घाटघरचं. तिथं लगीन व्हतं, हळदीच्या आधी नवरीला चुडा भरायचा व्हता. शेवटच्या उतारावर मी थांबले. खाली दरी दिसत व्हती आन् माझ्या क्यारेजवर सोनी. हौसाक्का परत आली, म्हणली तुझं पाय कापत्यात, पोर इकडं दे. सोनीच्या वजनाबदली तिनं तिच्या सायकलची एका बाजूची पेटी काढून माझ्याकडं बांधली, सोनीला तिच्या क्यारेजवर घेतलं. पाय तिनंच बांधलं, मी बगितलं. पण पेटी काढल्यावर त्या बाजूचं चाक उघडं राहिलं, जाळी न्हाई, आन् फडकं कुटंतरी सुटलं. एवढं झालं.

मी पेटी धरून उभी राहिले. हौसाक्का खाली बसली, सायकल खांद्यानं जरा उचलली, मागचं चाक भुईवरनं सुटलं, आन् पायडल हातानं उलटं फिरवायला लागली, एवढं एवढं, सूत सूत. पायडल उलटं फिरलं का तसलं चाक बी उलटं फिरतं. सोनीचा पाय तारांमधनं तसा बाहेर आला. टाचंचं कातडं पानासारखं लोंबत व्हतं. हौसाक्कानं दातानं आपला पदर फाडला, पाय आवळला, आन् सोनीच्या तोंडाकडं एकदा बी बगितलं न्हाई.

वडापची जीप आली, शिटा भरून जुन्नरला जाणारी. आमाला आत कोंबलं. मी सोनीला मांडीवर घेतलं, आन् मला वाटलं ही पण येती. ती खिडकीपाशी उभी राहिली, हात फुडं केला. म्हणली पेटी दे. सायकलवरनं सुटलेली पेटी अजून माझ्याच हातात व्हती. मी दिली. तिनं ती क्यारेजला बांधली आन् लगनाच्या घराकडं गेली. मागनं कळलं, तिनं त्याच हातानं नवरीचा चुडा भरला. नखांत रगात व्हतं, नवरीनं इचारलं आक्का हे काय, तर म्हणली कुंकू हाये.

जुन्नरच्या दवाखान्यात डाक्टर म्हणला, सायकल आडवी पडली असती तर चाक फिरलं असतं आन् टाच हातात आली असती, कुणीतरी डोकं चालवलं. कंपाउंडर पट्टी बांधता बांधता हळूच म्हणला, ताई, पाय गेल्या गेल्या सायकल टाकायची असती हो, तेवढं तर कुणालाबी कळतं. मी दोगांच्या तोंडाकडं बगितलं. पेटी धर म्हणली ती सायकल कलंडू नये म्हणून का माल कलंडू नये म्हणून, हे मला अजून कळलेलं न्हाई, आन् तिला इचारायची माझी छाती झाली न्हाई.

दादानं सोनीला बगितलं आन् म्हणला बास. सायकल बंद. चाकणला निरोप धाडला.

हाड बी चिरलेलं म्हणून घातलेलं प्लास्टर काढलं तर सोनीचा घोटा लाकडासारखा. डाक्टर म्हणला रोज हलवा, न्हाईतर असाच राहील. पण सोनी हात लावू द्यायची न्हाई, माझा हात फुडं आला का किंचाळायची, मंग मी बी सोडून द्यायचे. अशात हौसाक्का आली. वयनी दारातच म्हणली आता कशाला आलीस. ती वयनीला ओलांडून आत आली, माझी सायकल अंगणात स्टँडला लावली, घमेलं पालथं घातलं, त्यावर सोनीला बसवली, तिचा तो पाय पायडलला फडक्यानं बांधला, आन् पल्याडचं पायडल हातानं फिरवायला लागली. सोनीनं असा टाहो फोडला का शेजारच्या बाया कुंपणाला आल्या. मी धावले. हौसाक्का म्हणली, तू तोंड धुऊन ये, तुझं काम न्हाई हितं. चाकाला गती आली का ते पायडल थांबत न्हाई, पोरीनं कितीबी पाय ताठ केला, कितीबी हातापाया पडली. "आक्का नको, आक्का नको" म्हणत व्हती ती. हौसाक्का म्हणत व्हती, "मला नको म्हणू, चाकाला म्हण, ऐकतंय का बग."

ती मंचरवरनं रोज यायची. तिच्या सायकलचा आवाज आला का सोनी माच्याखाली लपायची आन् हौसाक्का तिला पाय धरून बाहेर वढायची, दुसरा पाय धरून, चांगला. शेजारच्या बाया म्हणायच्या ही राक्षसीण हाये. मी बी तेच म्हणायचे, मनात. पण घोटा सुटला. आता सोनी चालती, जरा लचकती, पण चालती, पळती बी. हौसाक्कानं तिला पळताना बगितलं त्या दिवशी फडकं झटकून खांद्यावर टाकलं आन् म्हणली, आता कशाला येऊ. बिस्कुट न्हाई, पाठीवर हात न्हाई, काय न्हाई.

पण चाकणचं थांबलं न्हवतं. लगीनसराई सरली व्हती, मी घरात बसलेली, दादानं दिलेली मुदत बी सरलेली. पाव्हणं आली, चाकणच्या नवऱ्याची भण, दोन बाया, आन् माझा चुडा भरायचा ठरला. वयनीनं बोलावलं कुणाला, तर हौसाक्कालाच. म्हणली बोलणं कसंबी असू दे, चुडा तिच्याच हातचा, ह्या बारीला तरी संसार टिकू दे.

ती आली. ओसरीवर बाया बसलेल्या, मी मधी पाटावर. सोनी उंबऱ्यापाशी, नवा फ्राक घातलेला, शेजारी तिची पिशवी भरलेली, कारण दुसऱ्या दिवशी दादा तिला आश्रमशाळंत नेणार व्हता. हौसाक्कानं पिशवी बगितली. वयनीला इचारलं पोर कुटं चालली, वयनीनं सांगितलं. ती बरं म्हणली आन् पेटी उघडली.

"हात सोड," म्हणली मला. फुडचं, ह्यो हात तुझा न्हाई ते, बोलली न्हाई.

मी हात सोडला. मला अडीचची बांगडी लागती, तिला ठावं हाये, तिनंच माझं हात इतक्यांदा धरल्यात. तिनं सव्वादोनची काढली. मी बगितली, ओळखली, आन् हात तसाच तिच्या हातात ठेवला. तिनं दाबली आन् बांगडी फुटली. दुसरी घेतली, ती बी फुटली. तिसरी माझ्या मनगटात घुसून फुटली, रगात पाटावर पडलं. नवऱ्याची भण उठून उभी राहिली.

वयनीचा आवाज फाटला. "आक्का, मुद्दाम फोडताय का तुमी?"

हौसाक्कानं माझा हात सोडला. सगळ्या बायांकडं एकदा बगितलं, एकीएकीकडं, त्यातल्या निम्म्या जणींचा चुडा तिनंच भरलेला.

"काच मुद्दाम कोण फोडंल, वयनी? नजर गेली माझी. हात बी गेला. आता मला कुणी बोलवू नका."

कासारणीनं हे सोताच्या तोंडानं बायांच्या बैठकीत बोलायचं म्हंजी काय ते बायांना कळलं. पाव्हण्या चपला घालत व्हत्या. नवऱ्याची भण दादाला म्हणली, असल्या हाताची बाई आमाला नको. पोरीचं न्हाई म्हणली, माझ्या हाताचं म्हणली, आन् हे गावात फिरणार, आन् फुडं कुटलंच ठिकाण येणार न्हाई, हे मला बसल्या जागी कळलं. मला त्यो माणूस पसंत व्हता का न्हाई ते मला कुणीच इचारलं न्हाई. दादानं न्हाई, वयनीनं न्हाई, आन् हौसाक्कानं बी न्हाई. तिनं सोनीसाठी फोडल्या का तिला माल वाह्याला माझ्या पिंढऱ्या पायजे व्हत्या, काय सांगावं. तिचाच धंदा बुडाला मातुर. अवसरीत न्हाई, मंचरला न्हाई, घाटघरात बी तिला परत कुणी बोलावलं न्हाई. ती संगमनेरकडं भाच्याकडं गेली म्हणत्यात, मला ती परत दिसली न्हाई. सोनी माझ्यापाशी हाये, एवढं सांगते.

पण त्या दिवसाचं राहिलं. तिनं काचा हातानंच येचल्या, वटीत भरल्या, पेटी उचलली आन् अंगणात गेली. आमच्यात बांगड्या भरून झाल्या का भरणारीच्या पाया पडत्यात, एक भरू न्हाईतर डझन, नवरी तर पडतीच. माझ्या हातात एक बी न्हवती. मी उठले तशी वयनीनं माझं कोपर धरलं, म्हणली तिच्या पाया पडलीस तर ह्या घरात परत पाय ठेवू नको. दादा खाली बगत व्हता. सोनी पिशवीला धरून माझ्याकडं बगत व्हती.

हौसाक्का सायकलपाशी गेली. तसल्या सायकलला उभ्या उभ्या पायडल मागं फिरवून वर आणता येत न्हाई, ते चाकासंगंच फिरतं, म्हणून बसायच्या आधी सायकल हातानं ढकलत न्यावी लागती, पायडल पायाखाली वर येईस्तवर. ती ढकलत निघाली. पाठ माझ्याकडं, काष्ट्याला माझं रगात लागलेलं, वटी काचांनी जड. पायडल हळूहळू वर येत व्हतं. ते वर आलं का ती बसणार आन् जाणार, आन् तिचं पाय काय मंग थांबत न्हाईत. तेवढाच काय तो येळ व्हता, आन् माझं कोपर वयनीच्या हातात.

तुमी माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?